पहिल्या पगारानंतरचं कपाट आणि मेकअप

अगं, पहिला पगार आला म्हणून अख्खं कपाट बदलायला निघू नकोस. कॉलेजचे कुर्ते आधी काढ. कापड चांगलं पण फिटिंग ढगळ असेल ते टेलरकडे टाक. खांदा आणि बाही नीट बसली की तोच कुर्ता ऑफिसला चालतो. वर दोन सरळ पँट, एक पांढरा शर्ट, बास. कानातली, ओढण्या मात्र तुळशीबागेतून घे आणि बिनधास्त घासाघीस कर.

फाउंडेशन हातावर लावून बघू नकोस. जबड्याच्या कडेला लाव, दुकानाबाहेर उजेडात ये आणि मग ठरव. काउंटरवर बऱ्याचदा एक शेड उजळ गळ्यात मारतात. गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यावर ती राखाडी दिसते. (गोरं दिसायची हौस आपल्याकडे जाता जात नाही!) खरं तर रोज फाउंडेशन लागतच नाही. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन दोन बोटांभर, डागांपुरतं कन्सीलर, काजळ, लिपस्टिक. स्कूटरवर स्कार्फ बांधत असशील तर लिपस्टिक पोचल्यावर लाव.

मस्करा उघडल्यापासून ३ महिन्यांत टाकून द्यायचा, उरला असला तरी. काजळ सख्ख्या बहिणीलाही द्यायचं नाही, डोळ्यांचा संसर्ग पसरतो. केस रंगवायचे असतील तर ४८ तास आधी थोडा रंग कानामागे लावून बघ. खाज सुटली तर पार्लरची अपॉइंटमेंट सरळ रद्द कर.