घरचीच माणसं पार्टीत: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

रोल-प्लेइंग गेममध्ये (पात्र घडवत गोष्ट पुढे नेणाऱ्या खेळात) आई, भाऊ, आजी यांना आपल्या पार्टीत, म्हणजे बरोबर लढणाऱ्या गटात, साथीदार म्हणून घेऊन लढता येतं का, या विषयावर यंदा पावसाळ्यात बरीच पत्रं आली. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न: मुलगा अकरा वर्षांचा आहे. घरात फक्त अँड्रॉइड मोबाइल, आणि पावसात नेटचा भरवसा नाही. नुसत्या गोळीबाराऐवजी घरच्या माणसांबरोबर खेळायचा एखादा गेम आहे का? (एक पालक, गुहागर)

'ड्रॅगन क्वेस्ट ५' घ्या. मूळ गेम १९९२चा, पण मोबाइलवर मिळतो. एकदाच पैसे भरायचे. मजकूर इंग्रजीत आहे, त्यामुळे सुरुवातीला शेजारी बसून वाचून दाखवावं लागेल.

हा गेम सुचवण्याचं कारण असं की इथे नातं फक्त गोष्टीत नाही, लढाईच्या नियमांतही आहे. नायक लहान असताना वडील पँक्राझ बरोबर असतात, पण त्यांना हुकूम देता येत नाही. ते स्वतःच्या मर्जीने लढतात आणि मुलाला लागलं की न सांगता बरं करतात. पुढे नायकाचं लग्न होतं, जुळी मुलं होतात आणि तीही पार्टीत येतात. बायको म्हणून बियांका, नेरा आणि डेबोरा यांच्यातून निवड करायची असते. पहिल्या दोघींचा भर मंत्रांवर आहे, डेबोरा मुख्यतः हाताने मारते. मुलांच्या केसांचा रंग आईवर जातो.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. एका टप्प्यानंतर बायको बराच काळ पार्टीत नसते, म्हणून सगळ्यात महागडं चिलखत तिच्यासाठी घेऊ नका. मुलं आली की त्यांची लेव्हल तुमच्यापेक्षा बरीच कमी असते. त्यांना लगेच मोठ्या गुहेत नेलं तर दोन फटक्यांत आडवी होतात, तेव्हा आधी सोप्या भागात फिरवून आणा. काही गुहांत वॅगन (बाकीच्या साथीदारांना नेणारी गाडी) शिरत नाही, तिथे फक्त चौघं जातात. त्या चौघांत बरं करणारा एक हवाच.

आणि बालपणाचा भाग जिथे संपतो, तो प्रसंग लहान मुलाला फार जड जातो. त्या दिवशी त्याला एकट्याला खेळू देऊ नका.

प्रश्न: 'ड्रॅगन एज २'मध्ये मला भाऊ कार्व्हर जिवंत हवा आहे. कितीही औषधं जवळ ठेवली तरी सुरुवातीलाच ओगर त्याला मारतो. काय चुकतं? (कॉलेज विद्यार्थी, रत्नागिरी)

लढाईत काहीच चुकत नाही. निर्णय त्याआधीच, पात्र बनवताना झालेला असतो. तुमचा नायक हॉक योद्धा किंवा 'रोग' (चपळ, लपून वार करणारा) असेल तर कार्व्हर मरतो आणि जादूगार बहीण बेथनी वाचते. हॉक स्वतः जादूगार असेल तर बेथनी जाते आणि कार्व्हर राहतो. पार्टीत जादूगार आणि तलवारबाज दोन्ही राहावेत म्हणून गेमने केलेली ही तजवीज आहे. तेव्हा जादूगार ('मेज') घेऊन नवा खेळ सुरू करा.

दुसरा धोका पहिल्या अंकाच्या शेवटी आहे. ५० सॉव्हरिन (सोन्याची नाणी) जमवून डीप रोड्स या जमिनीखालच्या रस्त्यांच्या मोहिमेवर निघताना चौघं निवडायचे असतात. साथीदार व्हॅरिक सक्तीचा, तुम्ही स्वतः, मग दोनच जागा उरतात. भावाला नेलंत आणि अँडर्स या दुसऱ्या साथीदाराला मागे ठेवलंत, तर भाऊ परत येत नाही. दोघांनाही नेलंत तर अँडर्समुळे तो वाचतो, पण ग्रे वॉर्डन या लढवय्या पंथात सामील होऊन दूर जातो. आईचं ऐकून त्याला घरी ठेवलंत तर तो टेम्प्लर (जादूगारांवर नजर ठेवणारा सैनिक) होतो, आणि बेथनी असेल तर तिची रवानगी सर्कलमध्ये, म्हणजे जादूगारांना ठेवतात तिथे, होते. तिन्हींपैकी कुठल्याही वाटेने गेलात तरी तो पार्टीतून जातोच. म्हणून पहिल्या अंकात त्याला जमेल तितकं बरोबर फिरवा. निघण्याआधी वेगळं सेव्ह ठेवा, एकदा आत शिरलात की माणसं बदलता येत नाहीत.

प्रश्न: 'फायर एम्ब्लेम: अवेकनिंग'मध्ये पात्रांची लग्नं लावली की त्यांची मुलंही लढायला येतात, पण मुलांना आईवडिलांचं हवं ते स्किल (खास कौशल्य) मिळत नाही. (अलिबाग)

आई आणि वडील दोघांच्या स्किलच्या यादीत अगदी शेवटी जे लावलेलं असेल, ते एकेक स्किल मुलाला जातं. ते मूल ज्या अध्यायात भेटतं तो सुरू केला की ते पक्कं होतं. तेव्हा त्याआधीच हवं ते स्किल यादीच्या तळाशी आणा. एकदा अध्याय सुरू झाला की बदल नाही.

प्रश्न: आजोबांच्या पंचाहत्तरीसाठी 'आरपीजी मेकर' या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटा गेम करतो आहोत. खाडी, सडा, देवराई असा नकाशा आणि घरची सात माणसं पार्टीत. पण मराठी संवाद मोडतात, चौघांपलीकडे कोणी लढत नाही, आणि मध्येच निघून गेलेले बाबा परत आले की त्यांची लेव्हल १ होते. (देवगड)

कल्पना फार छान आहे, आणि तिन्ही अडचणी सुटण्यासारख्या आहेत.

आधी मराठी. 'आरपीजी मेकर'ची 'एमव्ही' ही २०१५ची आवृत्ती संवादाच्या खिडकीत एकेक चिन्ह सुटं काढते. त्यामुळे 'आजी'मधली वेलांटी ज पासून सुटते आणि टिंबांच्या गोलावर जाऊन बसते, जोडाक्षरं तर पूर्णच उसवतात. मेन्यूत नावं सलग काढली जातात म्हणून तिथे 'आजी' नीट दिसते. फाँट बदलून हे सुटत नाही, शक्य असेल तर २०२०च्या 'एमझेड' आवृत्तीवर या. तिथेही अक्षरं एकामागून एक उमटताना शब्द मोडतो, पण प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला \> ही खूण दिली की ती ओळ एका दमात उमटते आणि सलग काढली जाते. खूण ओळीपुरतीच चालते, दुसऱ्या ओळीला पुन्हा द्यावी लागते. सोबतचा फाँट जपानी आहे, त्यात देवनागरी नाही. 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' फाँटच्या फोल्डरमध्ये टाका आणि 'सिस्टम २'च्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये मुख्य फाँट म्हणून फाइलचं नाव द्या. दोन्ही मोफत आहेत.

आता माणसं. लढाईत चौघंच उतरतात, बाकीची राखीव. सातही जण पार्टीत ठेवा आणि 'सिस्टम'मध्ये राखीव सदस्यांना अनुभव देण्याच्या पर्यायावर टिक करा, म्हणजे कोणी मागे पडणार नाही. कोण पुढे लढणार ते खेळणारा मेन्यूतल्या 'फॉर्मेशन'मधून बदलेल. बाबांची लेव्हल जाते ती पार्टी-सदस्य बदलण्याच्या कमांडमधल्या 'इनिशियलाइझ'च्या (पुन्हा मुळापासून सुरू करण्याच्या) टिकमुळे. ती पहिल्यांदा घेताना ठीक, परत येताना काढा. इव्हेंटने (गेममध्ये तुम्ही लिहिलेल्या कमांडच्या यादीने) बाहेर काढलेल्या माणसाला मात्र काहीच अनुभव मिळत नाही, तो तुम्हाला वेगळ्या कमांडने द्यावा लागेल.

नातं लढाईत जाणवावं असं वाटत असेल (आणि ते जाणवायलाच हवं, नाहीतर आजीच्या जागी कोणीही चाललं असतं) तर 'आई सोबत असताना बाबांचा जोर वाढतो' असं काही करा. बहुतेक जण यासाठी 'स्टेट' (पात्रावर लावायची तात्पुरती अवस्था) वापरतात आणि फसतात. माणूस बेशुद्ध झाला किंवा 'रिकव्हर ऑल'ने सगळ्यांना बरं केलं की सगळ्या स्टेट पुसल्या जातात. म्हणजे एक रात्र मुक्काम केला की नातं गायब! त्याऐवजी 'घरचा धागा' नावाची ॲक्सेसरी (अंगावर घालायची वस्तू) करा. तिला हल्ला १२० टक्के हे ट्रेट (गुणधर्म) द्या आणि बाबांच्या क्लासमध्ये ॲक्सेसरी लॉक करा. आई आली की इव्हेंटने आधी ती वस्तू पिशवीत जमा करा, मग बाबांना चढवा. पिशवीत वस्तू नसेल तर चढवण्याची कमांड काही न सांगता फुकट जाते. आई गेली की उतरवायला विसरू नका.

स्किलसाठी बाहेर शोधायची गरजच नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) म्हणजे सगळ्या शत्रूंवर एकदम, पाग (हाताने फेकायचं जाळं) म्हणजे कोणत्याही दोघांवर. सोलकढी, कोकम सरबत ही औषधं ठेवा, पण ५०० पॉइंट असा ठराविक आकडा न देता ३० टक्के द्या. ठराविक आकडा पुढे कमी पडतो.

चित्रासाठी एका माणसाचा कागद (त्याच्या सगळ्या हालचालींची एकच फाइल) १४४ × १९२ पिक्सेलचा असतो: तीन रकाने, चार ओळी (खाली, डावीकडे, उजवीकडे, वर तोंड). फाइलच्या नावाआधी $ लावा. ४८ पिक्सेलमध्ये आजीच्या नऊवारीची नक्षी दिसत नाही. दोन पिक्सेलचा गडद काठ पुरे, आणि काष्टा फक्त पाठमोऱ्या ओळीत काढा.

प्रश्न: गणपतीत मुंबईची चुलत भावंडं येतात. एकाच टीव्हीवर दोघांना खेळता येईल असं, घराण्याचं काहीतरी सांगा. वीज जाते ती वेगळीच. (मालवण)

'चिल्ड्रन ऑफ मोर्टा' (२०१९). यात बर्गसन कुटुंबच नायक आहे: ढाल-तलवारवाला बाप जॉन, तिरंदाज मुलगी लिंडा, सुऱ्यांनी लढणारा केव्हिन आणि बाकीचे. एकाची लेव्हल वाढली की काही गुण सगळ्या घराला मिळतात. काका बेन घरच्या कारखान्यात सुधारणा करून देतो. सतत एकालाच नेलं तर त्याला थकवा येतो आणि त्याची जीवनरेषा आखूड होते. मुलं नेमका आवडता एकच धरून बसतात आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत हरतात, तेव्हा आळीपाळीने खेळा. दोघांना पडदा एकच असतो, त्यामुळे तिरंदाजाने फार लांब पळायचं नाही.

मोठ्यांसाठी 'बाल्डर्स गेट ३' (२०२३). पडदा दोघांत विभागला जातो. पार्टी चौघांची, त्यांत तुम्ही दोघं, म्हणून दोनच साथीदार नेता येतात. ते एकेक वाटून घ्या. संवाद जो सुरू करतो त्याचंच पात्र बोलतं, म्हणून गोड बोलणाऱ्याला पुढे करा. संगणकावर १५० जीबी मोकळी जागा आणि एसएसडी लागते. विषय प्रौढांचा आहे, लहान मुलं झोपल्यावरच लावा.

विजेचं म्हणाल तर लॅपटॉप टीव्हीला जोडणं सगळ्यात बरं. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर फक्त संगणक आणि टीव्ही ठेवा, स्पीकर नको. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये लढाईतही मेन्यूतून सेव्ह करता येतं. ढग गडगडायला लागले की लगेच करून टाका.