अमेरिकेत एखाद्या गव्हर्नरची लोकप्रियता ७० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर कशी येते?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे: मतदारांनी डोक्यावर घेतलेला गव्हर्नर चार-पाच वर्षांत त्यांच्या मनातून एवढा कसा उतरतो, आणि उतरला की लोक त्याला काढू शकतात का. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, त्यामुळे आमचे माजी गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांचंच उदाहरण देतो. आधी एवढं लक्षात घ्या की इथला गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला असतो. कामाच्या दृष्टीने त्याला आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागी समजा, राज्यपालाच्या नव्हे. त्यातही न्यू जर्सीच्या गव्हर्नरकडे बरेच अधिकार आहेत. न्यायाधीश, अॅटर्नी जनरल तोच नेमतो आणि अर्थसंकल्पातली नेमकी हवी ती ओळ तो नकाराधिकाराने कापू शकतो. त्यामुळे काही बिघडलं की लोक थेट त्यालाच जबाबदार धरतात.

क्रिस्टी रिपब्लिकन. २००९ साली डेमोक्रॅट गव्हर्नर जॉन कोर्झाइन यांना हरवून ते निवडून आले, तेही डेमोक्रॅट मतदार जास्त असलेल्या राज्यात. आमच्या भागात त्यांच्याबद्दल चांगलं मत व्हायला एक अगदी घरगुती कारण होतं. इथे घरपट्टी देशात सगळ्यात जास्त. क्रिस्टींनी २०१० मध्ये डेमोक्रॅटांशी बोलणी करून तिच्या वार्षिक वाढीवर दोन टक्क्यांची मर्यादा आणली. कर्ज काढून घर घेतलेल्या आपल्या लोकांना ते लगेच कळलं. शिवाय माणूस रोखठोक. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळ येत होतं, तेव्हा किनाऱ्यावर रेंगाळणाऱ्यांना त्यांनी टीव्हीवरून सरळ दम भरला होता, निघा तिथून. लोकांना ते फार आवडलं होतं.

मग २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं. आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती, पेट्रोलच्या रांगा गल्ल्यांमधून वळत गेल्या होत्या. ३ नोव्हेंबरपासून बारा काउंट्यांमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) सम-विषम लागू झालं, त्यात आमची मिडलसेक्सही होती. गाडीच्या नंबरचा शेवटचा आकडा सम असेल तर सम तारखेलाच पेट्रोल. लोक हातात डबे घेऊन रांगेत उभे राहायचे, पण भांडणं फारशी झाली नाहीत, कारण कुणीतरी परिस्थिती हाताळतंय असं वाटत होतं. क्रिस्टी निळं फ्लीसचं जॅकेट घालून उद्ध्वस्त किनाऱ्यावर रोज दिसत. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक अवघ्या आठवड्यावर असताना ते ओबामांबरोबर फिरले आणि केंद्राच्या मदतीबद्दल त्यांचं तोंडभरून कौतुक केलं. पक्षातले लोक चिडले, आम्ही मात्र खूश होतो. त्यानंतरच्या मतचाचण्यांत त्यांची पसंती सत्तरीच्या पुढे गेली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ते सुमारे ६० टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आले.

हे सत्तर टक्के कोण होते हे महत्त्वाचं आहे. त्यात डेमोक्रॅट आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले खूप होते. त्यांना क्रिस्टींची सगळी धोरणं पटत नव्हती. शिक्षकांशी त्यांचं भांडण चालूच होतं, शाळांचा निधी कापला गेला होता. तरी संकटात हा माणूस आपल्या बाजूने उभा राहतो, एवढ्या एका भावनेवर ती पसंती टिकली होती. माझं म्हणणं असं की घसरण झाली ती नेमकी त्या भावनेची.

बाहेरचे लोक सगळं खापर पुलावर फोडतात, म्हणून तो प्रसंग सांगतो. फोर्ट ली गावातून न्यूयॉर्कला नेणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर चढायला टोलच्या तीन मार्गिका होत्या. ९ सप्टेंबर २०१३ ला त्यातल्या दोन काढून घेतल्या. तो शाळेचा पहिला दिवस होता. मुलांच्या बस अडकल्या, रुग्णवाहिका अडकल्या, अख्खं गाव चार दिवस कोंडलं. वाहतुकीचा अभ्यास चालू आहे, असं कारण दिलं गेलं. गावच्या डेमोक्रॅट महापौरांनी निवडणुकीत क्रिस्टींना पाठिंबा दिला नव्हता, त्याचा हा सूड असल्याची चर्चा होती. डिसेंबरमध्ये पत्रकारांनी विचारलं तेव्हा क्रिस्टी थट्टेने म्हणाले, मीच तर तिथे रस्ता अडवायचे प्लॅस्टिकचे कोन लावत होतो. ८ जानेवारी २०१४ ला ईमेल बाहेर आले. फोर्ट लीत वाहतुकीची जरा अडचण करायची वेळ झाली, असं गव्हर्नरच्या कार्यालयातल्या ब्रिजेट केली यांनी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी क्रिस्टींनी त्यांना काढल्याचं सांगितलं आणि जवळजवळ दोन तास पत्रकारांना उत्तरं दिली. क्रिस्टींवर कधीही खटला झाला नाही. केली आणि पूल चालवणाऱ्या पोर्ट अथॉरिटीतले क्रिस्टींचे माणूस बिल बरोनी यांना २०१६ मध्ये दोषी ठरवलं गेलं, पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते निकाल रद्द केले. कायद्याने प्रकरण मिटलं, पण रोज सकाळी पुलावर किंवा गाडीत अडकणाऱ्या माणसाच्या मनात ती थट्टा राहिली. ज्या फटकळपणावर लोक खूश होते, तोच आता आपल्यावर उलटलाय असं पहिल्यांदा जाणवलं.

तरीही पुलाने ते पंधरावर आले नाहीत. पुढची घसरण संथ होती. माझ्या मते खरं कारण त्या संथ घसरणीत आहे. २०१५ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या मागे लागले आणि त्या वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस पूर्ण किंवा काही वेळ राज्याबाहेर होते. न्यू हॅम्पशायरमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत सहावे आले, माघार घेतली आणि पंधरा-सोळा दिवसांत ट्रम्पना पाठिंबा दिला. ज्या डेमोक्रॅट शेजाऱ्यांनी सँडीनंतर त्यांना मत दिलं होतं, ते त्या दिवशी कायमचे गेले. राज्यात असताना आम्ही काय बघत होतो? सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांच्या पेन्शन निधीत भर घालायचा कायदा त्यांनीच २०११ मध्ये मोठ्या दिमाखात केला, आणि २०१४ मध्ये त्या भरण्याला स्वतःच कात्री लावली. राज्याचं पतमानांकन त्यांच्या काळात पुन्हा पुन्हा खाली आलं.

आणि आमची ट्रेन. आमच्या जवळच्या मेट्रोपार्क स्टेशनहून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला जाणाऱ्या प्रत्येकाचा हा दुखरा विषय आहे. हडसन नदीखालून १९१० सालचे दोनच रूळ जातात. एक गाडी बंद पडली की मागे रांग लागते, दिवे मंद होतात, फोनला रेंज नसते आणि माणसं घड्याळाकडे बघत उभी राहतात. यावर उपाय म्हणून नव्या बोगद्याचं काम सुरू झालं होतं, तो २०१८ ला चालू व्हायचा होता. क्रिस्टींनी ऑक्टोबर २०१० मध्ये खर्च वाढेल म्हणून तो रद्द केला आणि राज्याच्या वाट्याचे पैसे रस्त्यांच्या निधीकडे वळवले. त्यामुळे तेव्हा पेट्रोलवरचा कर वाढवावा लागला नाही. सहा वर्षांनी तो निधीही आटला. १ नोव्हेंबर २०१६ पासून पेट्रोलवरचा कर गॅलनला २३ सेंटने वाढला, साडेचौदावरून साडेसदतीस सेंट. क्रिस्टींच्या काळात ट्रेनचं तिकीटही दोनदा वाढलं होतं. म्हणजे करही वाढला, तिकीटही वाढलं, आणि बोगदा नाहीच. मला स्वतःला याचा राग पुलापेक्षा कितीतरी जास्त आहे, कारण पुलाचे हाल चार दिवसांचे होते.

मग जून २०१७ मध्ये क्विनिपिअॅक विद्यापीठाची मतचाचणी आली. पसंती १५ टक्के, नापसंती ८१. वीसेक वर्षांत कुठल्याही राज्यात कुठल्याही गव्हर्नरचा एवढा वाईट आकडा त्या विद्यापीठाने नोंदवलेला नव्हता. बहुतेकांना वाटतं हा आकडा किनाऱ्यावरच्या त्या गाजलेल्या फोटोमुळे आला. क्रम उलटा आहे. फोटो त्यानंतर आला.

१ जुलैला अर्थसंकल्प अडला, सरकारी कामकाज बंद पडलं आणि चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी राज्याची उद्यानं बंद झाली. डबे भरून लिबर्टी स्टेट पार्कला निघालेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना बेत बदलावे लागले. रविवारी स्थानिक वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने विमानातून फोटो काढला. आयलंड बीचचा लांबच लांब रिकामा किनारा, आणि मधोमध खुर्च्या टाकून बसलेलं गव्हर्नरांचं कुटुंब. तिथे गव्हर्नरचं सरकारी घर आहे, त्यामुळे नियम मोडला नव्हता. पण आज ऊन घेतलं का, असं विचारल्यावर त्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं. फोटो बाहेर आल्यावर प्रवक्ता म्हणाला, डोक्यावर टोपी होती. एकेकाळी लोकांच्या जिवासाठी त्यांना किनाऱ्यावरून हाकलणारा माणूस आता लोकांसाठी बंद केलेल्या किनाऱ्यावर बसला होता. आठवडाभर ऑफिसात, मंदिरात, मराठी मंडळाच्या ग्रुपवर दुसरा विषय नव्हता.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. न्यू जर्सीत निवडून आलेल्याला परत बोलावता येतं, पण त्यासाठी नोंदणीकृत मतदारांपैकी २५ टक्क्यांच्या सह्या लागतात. एवढ्या सह्या गोळा होणं जवळपास अशक्य, म्हणून इथे कुठल्याच गव्हर्नरला असं काढलेलं नाही. कॅलिफोर्नियात ही अट खूप हलकी आहे, म्हणून तिथे २००३ मध्ये ग्रे डेव्हिस यांना घरी जावं लागलं आणि आर्नोल्ड श्वार्झनेगर आले. आमच्याकडे सलग दोनच मुदती मिळतात, त्यामुळे क्रिस्टींना तसंही उभं राहता येणार नव्हतं.

पण त्या १५ टक्क्यांचा परिणाम झाला, तो दुसऱ्यांवर. विधानसभेचे अध्यक्ष व्हिन्सेंट प्रीटो त्या बंदच्या वेळी अडून बसू शकले, कारण एवढ्या अप्रिय गव्हर्नरला घाबरण्याचं कुणाला कारण उरलं नव्हतं. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये क्रिस्टींच्याच लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, किम ग्वाडॅग्नो गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिल्या. पेट्रोलच्या करवाढीला त्यांनी विरोध केला होता, किनाऱ्याच्या प्रकरणावर जाहीर टीकाही केली. तरी प्रचारभर त्यांना क्रिस्टींबद्दलच उत्तरं द्यावी लागली. डेमोक्रॅट फिल मर्फी सुमारे ५६ विरुद्ध ४२ टक्क्यांनी जिंकले.