मुंबईत केएफसी सोडून चांगलं तळलेलं चिकन कुठे मिळतं, आणि अशी जागा शोधायची कशी?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी नाशिकहून अंधेरीला आलात, मॉलमधल्या बादलीतल्या चिकनचा कंटाळा आलाय, आणि नेटवरच्या प्रत्येक यादीत वेगळीच दहा नावं दिसतात. मी राहतो परळला, नोकरी फोर्टात, आणि तळलेलं चिकन हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

त्या याद्यांमध्ये फरचा, कोळीवाडा, लॉलीपॉप, केरळी फ्राय, ब्रोस्ट असं सगळं एकाच रांगेत बसवून नंबर दिलेले असतात. हे पदार्थ वेगवेगळे आहेत. ते वेगवेगळ्या लोकांनी या शहरात आणले आणि आजही त्या त्या लोकांच्या वस्तीतच ते नीट जमतात. म्हणून आधी प्रकार ठरवा, मग वस्ती, मग जायची वेळ. हॉटेलचं नाव सगळ्यात शेवटी.

मुंबईचं स्वतःचं फ्राइड चिकन कोणतं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: पारशी फरचा. लग्नात आणि नवजोतच्या (पारशी मुलांच्या धर्मदीक्षेच्या) जेवणात केळीच्या पानावर वाढतात तो. चिकनला आलं-लसूण, तिखट, हळद, धणे-जिरे, गरम मसाला आणि लिंबू लावून मुरवत ठेवतात. मग ते ब्रेडच्या चुऱ्यात किंवा रव्यात घोळवतात आणि सगळ्यात शेवटी फेटलेल्या अंड्यात बुडवून तेलात सोडतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. इतर बहुतेक ठिकाणी अंडं आत आणि कोरडं पीठ बाहेर असतं, म्हणून वरचं आवरण कडक होतं. फरच्यात अंडं बाहेर असल्यामुळे तेलात पडताक्षणी ते पसरतं, फुलतं आणि तुकड्याभोवती सोनेरी जाळी तयार होते. कुरकुरीत कवचाची अपेक्षा ठेवून गेलात तर पहिल्या घासाला बुचकळ्यात पडाल. फरचा मऊ, रसाळ आणि मसाल्याने आतपर्यंत मुरलेला असतो, आणि जाळीच्या कडा तेवढ्या कुरकुरीत लागतात.

तो खायला फोर्टात या. हॉर्निमन सर्कलजवळ बँक स्ट्रीटवर जिमी बॉय आहे. तिथे लग्नाच्या भोणूतले, म्हणजे पारशी मेजवानीतले, पदार्थ रोजच्या दिवशीही मिळतात, फरचा त्यातलाच. जवळच आयडियल कॉर्नर आहे, तिथे पारशी पदार्थ वारांप्रमाणे बदलतात, म्हणून आज काय आहे ते आधी विचारा. बॅलार्ड इस्टेटचं १९२३ सालचं ब्रिटानिया बहुतेक यादीत सापडेल. मला ते हॉटेल फार प्रिय आहे, पण तिथे बेरी पुलाव आणि सल्ली बोटीसाठी जावं, तळलेल्या चिकनसाठी नाही. यादी करणारे पारशी म्हटलं की सरसकट तेच नाव लिहून मोकळे होतात.

दुसरा प्रकार कोळीवाडा. हार्बर लाइनवरचं आजचं जीटीबी नगर म्हणजे पूर्वीचं कोळीवाडा स्टेशन. फाळणीनंतर इथल्या छावणीत पंजाबी निर्वासित येऊन राहिले. बेसन, ओवा, लाल तिखट लावून मासे तळायची त्यांची पद्धत आणि मुंबईची कोलंबी यांच्या भेटीतून ‘कोळीवाडा’ हा प्रकार जन्माला आला असं सांगतात. आज तो शहरभरच्या मेनूवर आहे, पण बहुतेक ठिकाणी लाल रंगाचं जाड पीठ आणि आत चिकनचा इवलासा तुकडा एवढंच हाती येतं. सायन कोळीवाड्यात अजून पीठ पातळ असतं आणि ओवा दाताखाली येतो. तिथली खरी कीर्ती मासळीची. ‘हजारा’ नावाच्या हॉटेलात किंवा आसपासच्या दुकानांत गेलात तर मासे आणि चिकन दोन्ही मागवा, म्हणजे एकच मसाला दोन मांसांवर कसा वेगळा बोलतो ते कळेल.

फोर्टात आहातच तर केरळी फ्राय चुकवू नका. पिठा स्ट्रीटच्या गल्लीत डिलक्स आणि त्याच्यासारखी जुनी मल्याळी हॉटेलं आहेत, दुपारी बँकेतल्या आणि ऑफिसांतल्या लोकांनी भरलेली. या चिकनला पिठाचं आवरण नसतं. मिरी, लाल मिरची आणि कढीपत्ता मांसाला घट्ट धरून बसतात आणि तळताना त्यांचीच कड बनते. सोबत पोरोट्टा, म्हणजे केरळी पदरांचा पराठा, घ्या.

लॉलीपॉपबद्दल थोडं सविस्तर, कारण अंधेरीत तुम्हाला कोपऱ्याकोपऱ्यावर तोच दिसणार. लॉलीपॉप पंखाचा असतो. टोक सोडलं तर एका पंखाचे दोन भाग होतात: खांद्याकडचा एका हाडाचा आणि मधला दोन हाडांचा. मधल्यातलं बारीक हाड काढून टाकतात आणि मांस खरवडून एका टोकाला ढकलतात. म्हणजे एका कोंबडीत चारच लॉलीपॉप निघतात. ज्या गाडीवर संध्याकाळी शेकड्यांनी लॉलीपॉप जातात तिथे माल बाहेरून तयार येतो, बऱ्याचदा गोठवलेला. त्यात गैर काही नाही, पण ताज्याची चव त्याला नाही. ओळखायची खूण अशी: ताज्या लॉलीपॉपचा आकार कधी सारखा नसतो, एखादा मोठा, एखादा वाकडा. सगळे साच्यातून काढल्यासारखे एकसारखे असतील आणि हाडाजवळचं मांस काळपट असेल तर ते पाकिटातले. परमिट रूमच्या स्वयंपाकघरात अजून हाताने केलेले लॉलीपॉप मिळतात. त्यासाठी गल्लीतला जुना, शेट्टी मालकाचा बार गाठा, आणि शेजवान चटणी बाजूला मागा, वर ओतलेली नको.

रंगाचंही इथेच सांगतो. शिजलेलं मांस नैसर्गिकपणे कधीच गुलालासारखं लाल होत नाही. काश्मिरी मिरचीचा लाल विटकरी असतो आणि तळल्यावर तपकिरीकडे झुकतो. बोटाला रंग लागला आणि धुऊनही गेला नाही, तर त्या गाडीवर पुन्हा जाऊ नका. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये चिकन कबाबमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली, ती असे रंग आरोग्याला घातक म्हणूनच.

चिकन ६५ वर मी वेळ घालवणार नाही. ते चेन्नईच्या बुहारी हॉटेलचं, आणि मुंबईत बहुतेक ठिकाणी त्याचा लॉलीपॉपचा चुलतभाऊ करून टाकलाय.

आता ब्रोस्ट. नागपाडा, कुर्ला, जोगेश्वरी, मीरा रोड, मुंब्रा या भागांत काचेमागे मोठी स्टीलची यंत्रं दिसतील. आखातात नोकरी करून आलेल्या लोकांनी ही आवड इथे आणली आणि रुजवली. ही पद्धत मूळची अमेरिकेतली, विस्कॉन्सिनच्या ब्रोस्टर कंपनीने पन्नासच्या दशकात रूढ केलेली. तेलाच्या भांड्याला कुकरसारखं झाकण लावून दाबाखाली तळतात, त्यामुळे मोठे तुकडे लवकर शिजतात, रस आत राहतो आणि तेल कमी शिरतं. सोबत लसणाचा पांढरा सॉस, बन आणि फ्राइज. अंधेरीहून तुम्हाला जोगेश्वरी सगळ्यात जवळ. तिथे एकच प्रश्न विचारा: स्किनसकट आहे का? आपल्याकडे कोंबडीवाला पिसांबरोबर कातडीही सोलून काढतो, कारण ते झटपट होतं. कातडी ठेवायची तर गरम पाण्यात बुडवून पिसं उपटावी लागतात. मला वाटतं, फरचा काय किंवा कोळीवाडा काय, आपल्याकडच्या पद्धतींचा सगळा भर मुरवणीवर आणि वरच्या आवरणावर आहे, त्यामागे हेही एक कारण असावं. ब्रोस्टची मजा मात्र कातडीत आहे. ती नसेल तर उठा आणि पुढच्या दुकानात जा.

रमजान आला की बाकी सगळं बाजूला ठेवा आणि मिनारा मशिदीच्या गल्लीत जा, मोहम्मद अली रोडवर. मसाला लावलेल्या अख्ख्या कोंबड्या आणि बटेर (लावा पक्षी) टांगलेले असतात, मोठ्या कढया रस्त्यावरच. लोक इफ्तारच्या वेळी धावतात, पण माझा सल्ला रात्री उशिरा जाण्याचा. तरावीहची, म्हणजे रमजानातली रात्रीची, नमाज झाल्यावर खरी गर्दी उसळते आणि कढईतला माल क्षणभरही थांबत नाही. मस्जिद बंदर किंवा सँडहर्स्ट रोडला उतरून चालत या, गाडी आणू नका. शेवटी सुलेमान उस्मान या मिठाईवाल्याकडचा मालपुवा किंवा फिरनी.

माल थांबत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. तळलेलं चिकन जिथे वेगाने विकलं जातं तिथेच चांगलं असतं. बरीच हॉटेलं दुपारी अर्धं तळून ठेवतात आणि ऑर्डर आली की पुन्हा तळतात. दोनदा तळण्यात वाईट काहीच नाही, कोरियन पद्धतीत तर मुद्दाम तसं करतात, कारण पहिल्या तळणीनंतर आतलं पाणी पृष्ठभागाकडे येतं आणि दुसऱ्या तळणीत ते उडून कवच कडक होतं. प्रश्न मधल्या वेळाचा. दोन तळणींत वीस मिनिटं गेली तर पदार्थ सुधारतो, काल रात्रीपासून फ्रिजमध्ये पडला असेल तर मांसाचा दोरा होतो. हाडासकट मोठा तुकडा कच्च्यापासून नीट तळायला बारा-पंधरा मिनिटं लागतातच. तंगडी पाच मिनिटांत समोर आली तर ती आधी तळलेली होती. वेटरला सरळ विचारा, लपवत नाहीत.

याच कारणाने मराठी वस्तीत श्रावणात तळलेलं चिकन शोधू नका. लालबाग-परळ-दादरला खप एकदम उतरतो, माल पडून राहतो. गुरुवारी आणि संकष्टीला थोड्या प्रमाणात हेच. उलट गटारीच्या दिवशी इतकी झुंबड असते की कढईत जागेपेक्षा जास्त तुकडे कोंबतात, तेल थंड पडतं आणि चिकन तेल पितं. त्या दिवशी घरीच रस्सा करावा.

तेल बघायला शिका. कढई दिसेल अशा ठिकाणी आधी दोन मिनिटं नुसतं उभं राहा. चिकन टाकल्यावर मोठे, चपळ बुडबुडे यायला हवेत, तुकड्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं त्याचे ते. बारीक फेस येऊन वर तरंगत राहिला, तेल काळं आणि घट्ट दिसलं, धूर डोळ्यांना झोंबला, तर ते फार वेळा तापवलेलं आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढत जाणाऱ्या ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ या घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरायचं नाही, असा एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा नियम २०१८ पासून आहे. गाडीवर ते कुणी मोजत बसत नाही, आपलं नाक हेच मापक.

नवीन भागात हॉटेल शोधायची माझी पद्धत सांगतो. सकाळी तिथल्या चांगल्या चालणाऱ्या कोंबडीवाल्याकडे अर्धा किलो चिकन घ्यायला जायचं आणि विचारायचं, मामा, इथलं कुठलं हॉटेल तुमच्याकडून रोज ताजं नेतं? तो जे नाव सांगतो त्याला मी कुठल्याही रेटिंगपेक्षा जास्त मानतो. लहान कोंबड्या कोण मागतो तेही विचारा. एक किलोच्या आतली कोंबडी आतपर्यंत एकसारखी तळली जाते, दोन किलोची बाहेरून करपते आणि हाडाजवळ कच्ची राहते. नकाशावरची परीक्षणं वाचायची असतील तर तारे बघू नका, गिऱ्हाइकांनी टाकलेले अलीकडचे फोटो बघा. तुकडा तोडलेला फोटो असेल तर मांस ओलसर आहे की कोरडं ते लगेच दिसतं.

आणि हे सगळं तिथे बसून खाण्यासाठी आहे. बंद डब्यात वाफ कोंडली की दहा मिनिटांत कवच मऊ पडतं, पावसाळ्यात तर आणखी लवकर. पार्सल घ्यायलाच लागलं तर कागदी पिशवीत द्यायला सांगा, तोंड उघडं ठेवा आणि चटणी वेगळी घ्या. त्यातल्या त्यात केरळी फ्राय प्रवासात टिकतं, पीठच नसल्यामुळे. फरचा अजिबात नाही.

तुमच्यासाठी सुरुवात अशी सुचवेन: पहिल्यांदा एखाद्या संध्याकाळी जोगेश्वरीला ब्रोस्ट, घराजवळ आहे म्हणून. मग आठवड्याच्या मधल्या दिवशी सुट्टी मिळाली की चर्चगेटला उतरून दुपारी फोर्टात फरचा. रविवारी नको, तिथली बरीच जुनी हॉटेलं रविवारी बंद असतात, आणि काही फक्त दुपारीच उघडी असतात, तेव्हा निघण्याआधी फोन करून घ्या.