सीएसआर केलं तर ऑडिटची फी उतरते का?

प्रश्न : आमची कंपनी सामाजिक उपक्रमांवर (सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी) बराच खर्च करते, दरवर्षी त्याचा सविस्तर अहवालही काढते. तरी यंदा ऑडिटरने फी वाढवून मागितली. जबाबदार कंपनीची फी कमी नको का?

उत्तर : फीमध्ये दोन गोष्टी असतात : कामाचे तास आणि पुढे काही चुकीचं निघालं तर ऑडिटरवर येणाऱ्या दाव्यांची, बदनामीची जोखीम. लेखाशास्त्राचे अभ्यासक डॅन सिम्युनिक यांनी १९८० मध्ये केलेली ही मांडणी आजही फीवरच्या अभ्यासांचा पाया आहे. सीएसआर चांगलं असलेल्या कंपन्या नफ्याचे आकडे कमी फिरवतात, असं किम, पार्क आणि वियर यांना २०१२ च्या अभ्यासात आढळलं. त्यामुळे जोखीम घटते, हे खरं. पण ऑडिटर गुळगुळीत अहवालावर तास कमी करत नाही, करूही नये. फोक्सवॅगनचं उत्सर्जन प्रकरण (गाड्यांच्या प्रदूषण चाचणीतली फसवणूक) २०१५ मध्ये उघड झालं तेव्हा ती कंपनी शाश्वततेच्या नामांकित निर्देशांकात होती. अंतर्गत नियंत्रणं (चुका आणि गैरव्यवहार रोखणाऱ्या कंपनीतल्या पद्धती) तपासून ती खरोखर चालतात असं दिसलं, तरच तपासायच्या व्यवहारांचे नमुने कमी घेता येतात.

उलट, सीएसआरमुळे कामही वाढतं. संस्थेला दिलेली आगाऊ रक्कम प्रत्यक्ष खर्च होण्याआधीच हिशेबात खर्च म्हणून दाखवलेली असते, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) आलेलं नसतं. पैसा संचालकांच्या नातेवाइकांच्या न्यासाला गेला असेल, तर तो संबंधित पक्षाशी झालेला व्यवहार ठरतो आणि छाननी कडक होते. सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा जाहीर आश्वासनांचा. ‘दूषित जमीन आम्ही स्वच्छ करू’ असं कंपनीने ठामपणे जाहीर केलं आणि लोक त्यावर विसंबले, तर कायद्याची सक्ती नसतानाही आयएएस ३७ या आंतरराष्ट्रीय लेखा मानकानुसार त्या खर्चाची हिशेबात आधीच तरतूद करावी लागू शकते. तिचा अंदाज तपासायला अनुभवी माणूस लागतो, कधी बाहेरचा तज्ज्ञही.

आणखी एक गल्लत नेहमी होते. सीएसआर अहवाल वार्षिक अहवालाचा भाग असेल, तर आयएसए ७२० या आंतरराष्ट्रीय ऑडिट मानकाप्रमाणे ऑडिटर तो वाचून हिशेबांशी किंवा ऑडिटमध्ये कळलेल्या गोष्टींशी विसंगत काही आहे का, एवढंच पाहतो. त्यातल्या आकड्यांची हमी हवी असेल, तर ते वेगळं काम. त्याचं दरपत्रक वेगळं मागा, नाहीतर कोणत्या कामाचे किती पैसे ते कळणारच नाही.

वाढ का, हे तासांच्या तक्त्यासह लेखी विचारा. करार, मंजुरीचे ठराव, बँकेच्या नोंदी आणि प्रमाणपत्रं प्रकल्पवार लावून वर्षअखेरीआधी द्या. कागद शोधण्यात जाणारे तास वाचतील आणि फीबद्दल बोलायला तुमच्या हातात काही असेल.