डिव्हाइस दिसते, पण उघडत नाही

प्रश्न : घरच्या सर्व्हरवरील एलएक्ससी कंटेनरमधून (लिनक्समधील वेगळ्या, बंदिस्त कप्प्यातून) यूएसबी-सिरीयल केबलद्वारे मी सौर इन्व्हर्टरची आकडेवारी वाचत असे. सर्व्हरची डेबियन लिनक्स प्रणाली १० वरून ११ वर अपग्रेड केल्यापासून कंटेनरमध्ये केबलची टीटीवाययूएसबी० ही फाइल दिसते, पण उघडताना ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असा संदेश येतो. होस्टवर (मूळ सर्व्हरवर) फाइलीला ७७७ म्हणजे सर्वांना पूर्ण परवानगी देऊनही फरक पडला नाही. केबल बिघडली असेल का?

उत्तर : होस्टवर केबल चालत असेल, तर तिला दोष देऊ नका. निदान तुमच्या संदेशातच आहे. फाइल उघडताना कर्नल (प्रणालीचा गाभा) आधी मालक, गट आणि परवानगीचे अंक तपासतो. तेथे अडले तर साधारणपणे ‘परमिशन डिनाइड’ असा संदेश येतो. ती तपासणी पार पडल्यावर सीग्रुपमधील (प्रोग्रॅमांच्या गटांवर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेतील) डिव्हाइसविषयीचे नियम पाहिले जातात आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हा नकार तेथला आहे. त्यामुळे ७७७ चा उपयोग होणे शक्यच नव्हते. परवानगी पूर्ववत ६६० (फक्त मालक व गटाला वाचण्या-लिहिण्याची मुभा) करावी.

डेबियन ११ मध्ये सीग्रुपची दुसरी आवृत्ती मूलतः सुरू असते. पहिल्या आवृत्तीत डिव्हाइसची यादी साध्या फाइलींत लिहिली जाई; दुसरीत त्या फाइलीच नाहीत, तेच काम कर्नलमध्ये चढवलेला एक छोटा बीपीएफ प्रोग्रॅम करतो. तुमच्या कॉन्फिग फाइलीतील ‘एलएक्ससी.सीग्रुप.डिव्हाइसेस.अलाउ’ ही ओळ त्यामुळे जागेवर असूनही निष्प्रभ झाली आहे. तिच्यात ‘सीग्रुप’च्या जागी ‘सीग्रुप२’ करा (टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत), पुढे ‘सी १८८:* आरडब्ल्यू’ हे मूल्य ठेवा आणि कंटेनर बंद करून पुन्हा सुरू करा. येथे ‘सी’ म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस आणि १८८ हा यूएसबी-सिरीयलचा मेजर क्रमांक, म्हणजे डिव्हाइसचा प्रकार सांगणारा आकडा होय; तारका म्हणजे त्या प्रकारातील कोणतेही डिव्हाइस आणि ‘आरडब्ल्यू’ म्हणजे वाचणे-लिहिणे. वैतागून सरसकट सर्व डिव्हाइसना मोकळीक देणारा ‘ए’ मात्र लिहू नये, कारण मग होस्टच्या हार्ड डिस्कवरचा हा पहाराही उठतो.

कंटेनर अनप्रिव्हिलेज्ड (आतल्या रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला, होस्टवर विशेष अधिकार नसलेला) असेल, तर यानंतर ‘परमिशन डिनाइड’ दिसू शकेल. म्हणजे एक अडथळा दूर होऊन दुसरा उघडा पडला. अशा कंटेनरमधील रूट हा होस्टच्या दृष्टीने बहुधा १००००० क्रमांकाचा सामान्य वापरकर्ता असतो, आणि होस्टच्या रूटची फाइल आत ‘नोबडी’ व ‘नोग्रुप’च्या नावावर दिसते. होस्टवर यूडेव्हचा (डिव्हाइस जोडताच त्याची फाइल मांडणाऱ्या सेवेचा) नियम लिहून त्या फाइलीचा मालक १००००० करावा. ‘चोन’ या आज्ञेने हाताने केलेला मालकबदल केबल काढून लावताच पुसला जातो.

केबल पुन्हा लावल्यावर कंटेनरही पुन्हा सुरू करावा लागेल, कारण आत माउंट झालेली फाइल जुन्या जोडणीची असते. एखादा प्रोग्रॅम जुनी फाइल धरून बसला असेल, तर नवी जोडणी टीटीवाययूएसबी१ या नावाने उगवते. वरच्या मूल्यात शून्याऐवजी तारका सुचवली ती यासाठीच. कॉन्फिगमधील माउंटच्या ओळीतही (जिच्यामुळे होस्टची फाइल कंटेनरमध्ये दिसते) ते नाव न घालता ‘सिरीयल’ फोल्डरच्या ‘बाय-आयडी’मधील न बदलणारे नाव घालावे.