पंख एनसीसीचे, परवाना कोणाचा?

प्रश्न : मुलगा दहावी झाला, त्याला वैमानिक व्हायचे आहे. जवळच्या ज्युनियर कॉलेजात एनसीसी आहे, पण आर्मी विंग. आता तीच घ्यावी आणि पुढे बदलून घ्यावी, असे चालेल का? (एक पालक, सांगली)

उत्तर : त्या भरवशावर राहू नका. वायुदलाच्या फ्लाइंग शाखेत 'एनसीसी स्पेशल एंट्री'ने जायचे तर एअर विंगच्या सीनियर डिव्हिजनचे (अकरावीपासून पुढच्या कॅडेटांचा विभाग) 'सी' प्रमाणपत्र लागते. आर्मी विंगचे 'सी' तिथे चालत नाही, ते लष्कराच्या भरतीत कामी येते. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी कॉलेजच्या एनसीसी अधिकाऱ्यांना विचारा : विंग कोणती, यंदा जागा किती, निवड कधी? निवड बहुधा वर्षाच्या सुरुवातीलाच उरकते. गणपतीनंतर चौकशीला गेलेल्यांना जागा भरलेल्याच दिसतात.

वेळेचे गणितही आत्ताच मांडा. आधीच्या 'बी' प्रमाणपत्रासाठी दोन वर्षे, 'सी'साठी त्यापुढे आणखी एक. परेडला 75 टक्के हजेरी आणि शिबिरे वेगळी. अकरावीत नाव नोंदवले तर 'बी' बारावीत आणि 'सी' पदवीच्या पहिल्या वर्षी होऊ शकते. अडचण बारावीत येते. 'बी'ची परीक्षा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बोर्डाच्या तोंडावरच. मग मुले परेड सोडतात आणि हजेरी कमी पडली की परीक्षेला बसता येत नाही. दिवाळीपर्यंतची एकही परेड चुकवली नाही, तर जानेवारीत थोडी ढील मिळते. पदवीच्या दुसऱ्या वर्षी नाव नोंदवणाऱ्याला तीन वर्षे बसवताना नाकी नऊ येतात.

एवढे करून मिळते काय? वायुदलाची लेखी परीक्षा, म्हणजे एएफकॅट, द्यावी लागत नाही, थेट एएफएसबीच्या, म्हणजे वायुदलाच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीचे बोलावणे येते. शॉर्ट सर्व्हिसमध्ये (ठरावीक वर्षांची सेवा) एएफकॅटच्या जागांपैकी 10 टक्के या मार्गासाठी असतात. मात्र बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र दोन्हींत किमान 50 टक्के, पदवीला 60 टक्के आणि वय 20 ते 24 हवे. बारावीला गणित सोडून बायोलॉजी घेतलेला कॅडेट 'सी' प्रमाणपत्र हातात घेऊनही दाराबाहेरच राहतो. ही चूक आजही सर्रास होते.

प्रश्न : एनसीसीत विमान उडवायला मिळते ना? ते तास कमर्शियल पायलट लायसन्समध्ये धरतात का? (विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : मिळते, पण ती ओळख आहे, वैमानिकाचे पूर्ण शिक्षण नव्हे. एनसीसीकडची 'व्हायरस एसडब्ल्यू-80' ही पिपिस्ट्रेल कंपनीची दोन आसनी मायक्रोलाइट (अगदी हलके विमान), इंजिन 80 अश्वशक्तीचे रोटॅक्स. शेजारी प्रशिक्षक बसतो. पावसाळ्यात आणि खराब हवेत उड्डाणे होत नाहीत.

कमर्शियल लायसन्सला 200 तास लागतात. त्यांत 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून (विमानाची जबाबदारी स्वतःकडे), 300 सागरी मैलांचे एक क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याचे उड्डाण), शिवाय रात्रीचे आणि इन्स्ट्रुमेंटचे तास. ही उड्डाणे डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्यताप्राप्त संस्थेतली लागतात (आपल्याकडे बारामती, गोंदिया). एनसीसीतल्या थोड्याशा उड्डाणांवर हा हिशेब बांधू नका. पैसे भरण्याआधी क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल करून घ्या. फी भरल्यावर मेडिकलला अडकलेल्यांची फी सहसा परत येत नाही.

मग एनसीसीतल्या उड्डाणांतून घ्यायचे काय? एक बारकी गोष्ट सांगतो. विमानाच्या आसपास असाल तर तंत्रज्ञ तेल कसे तपासतो ते बघा. इग्निशन बंद असल्याची खात्री करून तो प्रोपेलर हाताने, आणि फिरण्याच्या दिशेनेच, सावकाश फिरवत राहतो. तेलाच्या टाकीतून 'गुळगुळ' आवाज आला की थांबतो, मग डिपस्टिक काढतो. रोटॅक्सचे तेल वेगळ्या टाकीत असते. बंद इंजिनात खाली उतरलेले तेल असे फिरवल्याने टाकीत परत येते. हे न करता पातळी पाहिली तर ती कमी दिसते आणि कोणीतरी वर तेल ओततो. नियम पाठ असणे वेगळे आणि त्यामागचे कारण माहीत असणे वेगळे. एएफएसबीत 'विमानात काय पाहिलेस?' असे विचारले तर अशी उत्तरे उपयोगी पडतात.

मुलींना एनसीसी स्पेशल एंट्रीचा मार्ग शॉर्ट सर्व्हिसमध्ये खुला आहे.

प्रश्न : चष्मा आहे, मायनस नंबर. लेसिक (नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया) करून घेऊ का? (कॅडेट, वय 18)

उत्तर : थांबा. फ्लाइंग शाखेत मायनस नंबर चालत नाही, आणि वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेली लेसिक वायुदलाला मान्य नाही. घाईने केलेली शस्त्रक्रियाच तुमच्या आड येईल. आधी वायुदलाच्या वैद्यकीय नियमांची माहिती असलेला नेत्रतज्ज्ञ गाठा.

उंची किमान 162.5 सेंमी हवी आणि पायाची लांबी 99 ते 120 सेंमी. ही लांबी घरीच मोजता येते : भिंतीला पाठ आणि कंबर टेकवून जमिनीवर बसा, पाय सरळ करा, भिंतीपासून टाचेपर्यंत टेप धरा. आणि वैमानिक निवडीची सीपीएसएस ही संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. ती 'बघून येऊ' म्हणून देण्याची चाचणी नव्हे.

प्रश्न : आम्ही कॅनडात, मिसिसॉगाला असतो. मुलगी 14 वर्षांची. इथल्या एअर कॅडेट्समध्ये घातले तर पुढे सैन्यात जावे लागते का? (एक वाचक)

उत्तर : नाही. रॉयल कॅनेडियन एअर कॅडेट्स 12 ते 18 वयासाठी आहे, पण कॅडेट सैन्याचे सदस्य नसतात आणि पुढे सेवेची सक्ती नसते. आपल्या एनसीसीशी तुलना केली तर गंमत दिसते. इकडे वायुदलाचे दार उघडते, लायसन्स मिळत नाही. तिकडे सक्ती काहीच नाही आणि लायसन्स मिळू शकते.

सोळाव्या वर्षी ग्लायडर पायलट शिष्यवृत्ती आहे. उन्हाळ्यात काही आठवडे शिकून ट्रान्सपोर्ट कॅनडाचे ग्लायडर लायसन्स मिळते. सतराव्या वर्षी इंजिनाच्या विमानाची शिष्यवृत्ती, त्यातून प्रायव्हेट लायसन्स, किमान 45 तास. दोन्हींना निवड कडक आहे : लेखी परीक्षा, मुलाखत, शाळेचे गुण. त्यामुळे चौदाव्या वर्षीच स्क्वाड्रनमध्ये जाऊन हवामान, नेव्हिगेशन आणि एरोडायनॅमिक्सचे ग्राउंड क्लास सुरू करणे बरे. मेडिकलची कागदपत्रे अर्जाच्या आधीच तयार ठेवा.

पुढे भारतात उडवायचे असेल तर हे लायसन्स डीजीसीएकडून रूपांतरित करून घ्यावे लागेल, म्हणून लॉगबुकातली प्रत्येक नोंद प्रशिक्षकाच्या सहीनिशी जपून ठेवा.