वेताच्या रिंगेतला गोळा

प्रश्न : लहानपणी मिरजेहून पुण्याला येताना छोट्या स्टेशनांवर गाडी थांबायची नाही. फलाटावरचा माणूस वेताची मोठी रिंग उंच धरायचा आणि इंजिनातला माणूस ती हातात अडकवून न्यायचा. ते काय असे?

उत्तर : रिंग नुसती झेलायला. खरा माल तिला बांधलेल्या कातडी पिशवीत : पोलादी गोळा, त्यावर दोन्ही स्टेशनांची अक्षरं कोरलेली. एकेरी मार्गावर मास्तरकी केली, तेव्हा असे हजारो गोळे या हातांनी काढलेत. आम्ही त्याला ‘टोकन’ म्हणायचो. ज्याच्याकडे टोकन, त्याचीच पुढच्या स्टेशनापर्यंतची लाइन.

यामागे इंग्लंडमधला एक अपघात आहे. 10 सप्टेंबर 1874 च्या रात्री नॉर्विचच्या तारबाबूने निरीक्षकाची सही व्हायच्या आतच ‘समोरची मेल सोडा’ अशी तार ठोकली. इकडून एक्स्प्रेसही सुटली. चूक कळल्यावर तार रद्द करायला गेले, तर उत्तर आलं : मेल सुटली. आता दोन्ही गाड्या एकाच रुळावर, आणि हे लोक हात चोळत बसलेले! थॉर्पजवळ टक्कर झाली, 25 माणसं गेली.

त्यानंतर एडवर्ड टायर यांनी 1878 मध्ये विजेवर चालणाऱ्या टॅब्लेट यंत्राचं पेटंट घेतलं. टॅब्लेट म्हणजे टोकनासारखीच एक चकती. पूर्वी दोन स्टेशनांमधल्या एका टप्प्याला टोकन म्हणून एकच काठी असे. ती पलीकडे गेली की इकडची दुसरी गाडी अडकलीच. टायरच्या यंत्रांत टॅब्लेट पुष्कळ, पण दोन्ही स्टेशनांची यंत्रं तारेने जोडलेली. एक बाहेर असली की दुसरी कुठूनही निघत नाही. आमचं ‘नील्स बॉल टोकन’ त्याच जातीचं. पलीकडच्या मास्तरने प्लंजर दाबून धरला, तरच इकडे दांडा फिरायचा आणि गोळा खडखडत खाली यायचा. म्हणजे एकट्या मास्तरची घाई चालायचीच नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

रिंग झेलणाऱ्याच्या दंडावर वळ उठायचे, ते वेगळंच. एकदा भर पावसात आमच्या पॉइंट्समनच्या हातून ती निसटली आणि पिशवी खाली झुडपात गेली. गाडी पुढे जाऊन थांबली. आम्ही दोघं कंदील घेऊन चिखलात चाचपडत होतो, डब्यांतून लोक ओरडत होते. गोळा सापडला, पण ड्रायव्हर घाईत नव्हता. त्याने तो शर्टाला पुसला, कंदिलाजवळ धरून अक्षरं दोनदा वाचली आणि मग शिट्टी दिली.